बांधावर बसलेला गडी



शहापूर-मुरबाडकडे भाताची कापणी झाली, मळणी उरकली, की मोकळ्या खाचरात पोरे फक्कीने रेघा मारतात आणि कबड्डी सुरू होते. अशा वेळी जरा बांधाकडे पाहा. नुकताच बाद झालेला एखादा गडी तिथे बसलेला असतो. त्याच्या मनात एकच प्रश्न: मी परत आत केव्हा जाणार? आज मला या प्रश्नाचाच इतिहास सांगायचा आहे. कारण कबड्डीचे सामने कसे खेळवावेत, हा सगळा वाद या प्रश्नाभोवतीच फिरला.

आपले आजे-पणजे या खेळाला हुतूतू म्हणत. गाव बदलला की नियमही बदले. त्यातून तीन तऱ्हा ठळक झाल्या. गामिनीत बाद झालेल्या गड्याने आपल्या बाजूचे सगळे बाद होईपर्यंत बाहेरच बसायचे. सगळे बाद झाले की समोरच्यांना एक गुण. घड्याळाचे बंधन नाही. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही; नुसता गुण मोजायचा. आणि संजीवनीत? समोरचा एक गडी बाद केला, की आपला एक उठून आत येतो. जो आधी बाद झाला, तो आधी.

१९१८ साली साताऱ्यात नियमांना वळण लावण्याचा प्रयत्न झाला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढचे पाऊल टाकले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने थेट बर्लिनला हा खेळ करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि आज सामन्यांत आपण पाहतो ती संजीवनीच.

तीच का टिकली? विचार करून पाहा. गामिनीत कच्चा गडी पहिल्यांदा बाद होतो आणि सर्वांत जास्त वेळ बसतो. ज्याला सरावाची गरज, त्यालाच खेळ नाही! अमरमध्ये सगळे खेळतात खरे, पण बाद होण्याची धास्तीच राहत नाही. संजीवनीत धास्तीही आहे आणि आशाही आहे. बाहेर बसलेल्याचे लक्ष आतल्या चढाईवर खिळते, कारण त्याचे उठणे तिच्यावर अवलंबून.

पण एक गाठ सोडवली की दुसरी बसते. सामना वेळेत बांधला, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव झाले, तेव्हा आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढू लागला. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत त्यावर उतारा आला: तीस सेकंदांची चढाई, आणि दोन रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणा, नाही तर बाद व्हा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एक गुण जादा. म्हणजे खचत चाललेल्या संघालाही उमेद.

गुरुजनहो, तुमच्यासाठी एवढेच. स्पर्धेला संजीवनी हवीच. पण पाचवी-सहावीच्या पोरांना पहिले काही दिवस अमर खेळवून पाहा. कोणी बांधावर बसणार नाही. दम आणि पाय दोन्ही तयार होतील. नियम माणसांनीच केले, माणसांनीच बदलले. बदलताना फक्त त्या बांधावरच्या पोराकडे एकदा पाहून घ्यावे.