घडविलेली बंदूक आणि विकत घेतलेली बंदूक : इ. स. १८०३ च्या खानदेशाच्या संदर्भात

अठराव्या शतकातील मराठी सत्ताधाऱ्यांपुढे हत्यारांच्या बाबतीत एक प्रश्न वारंवार उभा राहिला. बंदूक पदरी कारागीर ठेवून घडवावी, की टोपीकरांकडून तयार विकत घ्यावी? हा प्रश्न पुष्कळदा केवळ किमतीचा आणि कारागिरीचा मानला जातो. तथापि इ. स. १८०३ मध्ये खानदेशात व त्याच्या दक्षिण सीमेवर जे घडले त्याकडे पाहता हा समज अपुरा ठरतो.

प्रथम प्रत्यक्ष वस्तूचा विचार करणे इष्ट होईल. तोड्याच्या बंदुकीची मुख्य अंगे तीन : नळी, दस्ता आणि पेटती जामगी कानातील रंजकीवर आणणारा चाप. तापविलेली लोखंडी पट्टी सळईभोवती ठोकून नळी होई, दस्ता सुतार करी, आणि चाप हा साधा खटका असे. ही तिन्ही अंगे देशी कारागिरांच्या आटोक्यातील होती. पथरकल्याची गोष्ट निराळी. तीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडावयाची असल्यामुळे बेताचे पाणी दिलेली पोलादी कमान लागे. शिवाय कवायती पलटणीतील सर्व नळ्यांचे माप एकच नसेल तर एकाच साच्यातील गोळी सर्वांना चालत नाही. तेव्हा एक बंदूक घडविणे आणि एका पलटणीच्या बंदुका घडविणे ही दोन वेगळी कामे होत.

विकत घेण्याचा मार्ग सोपा दिसे. परंतु विकणारा हा केवळ व्यापारी नसे. इ. स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या साहाय्यास गेले, आणि पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून इंग्रजांस कैद केले. विक्रेत्याचा माल ज्याच्या हाती पडतो त्याच्या बाजूस लढाई झुकते, आणि तो कोणाच्या हाती द्यावयाचा हे विक्रेता ठरवितो, हा धडा त्यातून स्पष्ट होतो.

महादजी शिंदे यांनी दुसरा मार्ग पत्करला. इ. स. १७८४ मध्ये डी बॉयन त्यांच्या चाकरीत आला व १७९० पासून कवायती कंपू उभे राहिले. त्यांच्यासाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात व बंदुकाही तयार होत. युरोपीय नमुन्याच्या तोडीची बंदूक तेथे दहा रुपयांत पडे, असे सांगितले जाते. कंपूंच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिलेला होता. किंमत आणि कारागिरी या दोन्ही कसोट्यांवर प्रश्न येथे सुटला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याची परीक्षा दौलतराव शिंद्यांच्या काळात झाली. दिनांक २३ सप्टेंबर १८०३ रोजी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असई येथे आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची दाणादाण केली. तिचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे १,६०० लोक गेले. नव्वदांहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि त्यांची प्रत उत्तम असल्याचे खुद्द विजेत्यांनीच मान्य केले. सारांश, हत्यार कमी पडले नाही. उणीव दुसरीकडे होती. ऑगस्ट महिन्यातच इंग्रज सरकारने मराठ्यांच्या चाकरीतील आपल्या प्रजाजनांस जाहीरनाम्याने परत बोलाविले होते. कित्येक अधिकारी निघून गेले, आणि उत्तरेत मुख्य सेनापती पेराँ हाही सप्टेंबरात लेकच्या आश्रयास गेला. घडविलेल्या बंदुका शिंद्यांच्या होत्या. त्या चालविण्याची विद्या व हुकूम मात्र अखेरपर्यंत भाड्याचेच राहिले.

असईनंतर शिंद्यांची फौज अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात आली. तिच्या पाठीवर स्टीव्हन्सन उतरला व १६ ऑक्टोबरला बऱ्हाणपूर आणि २१ ऑक्टोबरला असीरगड त्याच्या ताब्यात आला. त्याच आठवड्यात आग्र्याचा किल्लाही लेकने घेतला. एकाच ठिकाणी एकवटलेला कारखाना गेल्यावर पडलेल्या खिंडाराची भरपाई करणारी दुसरी जागा उरली नाही. या धामधुमीची किंमत खानदेशच्या रयतेने मोजली. इ. स. १८०२ मधील होळकरी फौजांची लूट व त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा प्रांत ओसाड पाडला.

याउलट उदाहरण पंधरा वर्षांनी, त्या वेळी खानदेशात मोडणाऱ्या मालेगावात दिसते. इ. स. १८१८ च्या मे-जून महिन्यांत तेथील अरबांनी किल्ल्याच्या आश्रयाने जवळजवळ महिनाभर इंग्रजांस थोपविले. दोनशेहून अधिक हल्लेखोर मृत वा जखमी झाले. त्यांच्या हातातील बंदुका मुख्यतः जुन्या तोड्याच्याच होत्या. पण त्या चालविण्याची विद्या आणि हुकूम त्यांच्या आपसांतच होता, दुसऱ्या सरकारच्या जाहीरनाम्याने तो हिरावला जाण्यासारखा नव्हता. अरब हेही भाडोत्रीच होते, हे खरे. म्हणून या उदाहरणावरून हत्यार चालविणारा स्वकीयच असावा असा सिद्धान्त काढता येणार नाही. निघतो तो एवढाच की, हुकमाची दोरी शत्रूच्या हाती नसावी.

यावरून ‘घडवावी की विकत घ्यावी’ हा प्रश्न बंदुकीच्या तीन अंगांपुरता मर्यादित नाही, हे लक्षात येईल. दारूगोळा, दुरुस्ती, पगार आणि अधिकारी हीही बंदुकीचीच अंगे होत. त्यांतील जे अंग परक्याकडे राहील तेथे ती तुटते. महादजींनी लोखंड व लाकूड स्वतःचे केले, विद्या केली नाही. पुढे स्वतंत्र भारतात याच खानदेशात भुसावळ येथे १९४९ मध्ये आणि वरणगाव येथे १९६४ मध्ये आयुधनिर्माणी निघाल्या. त्यांपैकी वरणगावची निर्माणी बंदुका नव्हे, तर त्यांत भरावयाची काडतुसे तयार करण्यासाठी निघाली. बंदूक एकदा घ्यावी लागते, काडतूस रोज लागते. हा १८०३ च्या अनुभवाशी जुळणारा विचार आहे.