विमान छोटे, जोडणी मोलाची

रेडिओ नियंत्रणावर उडणारे छोटे विमान कोसळले, की दोष सहसा वाऱ्याला, बॅटरीला किंवा रेडिओला दिला जातो. मात्र अनेकदा अपघाताचे मूळ एखाद्या निसटलेल्या पिनेत वा वाकलेल्या तारेत दडलेले असते. अनेक आठवडे खपून बांधलेले विमान आणि मैदानावरील माणसांची सुरक्षितता, दोन्ही या जोडणीवर अवलंबून असतात.

विमानातील रिसीव्हरकडून येणाऱ्या संकेतानुसार सर्व्हो नावाची छोटी मोटर आपला दांडा फिरवते. या दांड्याला 'आर्म' म्हणतात. आर्मपासून निघालेली पुशरॉड ही तार, एलेरॉन, एलेव्हेटर किंवा रडरवर बसवलेल्या 'हॉर्न'ला क्लेव्हिस या चिमट्याने जोडली जाते.

आधी मध्य, मग स्क्रू

आर्म बसवण्यापूर्वी ट्रान्समीटर व रिसीव्हर सुरू करून, ट्रिम शून्यावर ठेवून सर्व्हो मध्यावर आणावा. साधारणपणे १.५ मिलिसेकंदांचा संकेत म्हणजे मध्य. त्या स्थितीत आर्म पुशरॉडशी काटकोनात बसवून मगच स्क्रू आवळावा. हॉर्नची छिद्रे बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर असावीत. ती मागे-पुढे राहिल्यास पृष्ठभाग एका बाजूला अधिक व दुसऱ्या बाजूला कमी वळतो.

छिद्रांचे गणित

आर्मवरील छिद्र मध्यापासून १० मिलिमीटरवर आणि हॉर्नवरील छिद्र बिजागरीपासून २० मिलिमीटरवर असेल, तर सर्व्हो ४५ अंश फिरल्यावर पृष्ठभाग सुमारे २१ अंशच वळतो. मात्र मध्याजवळ त्याला मिळणारे बळ जवळपास दुप्पट होते आणि सर्व्होमधील ढिलाईचा परिणाम निम्म्यावर येतो. म्हणूनच आर्मवर आतले व हॉर्नवर बाहेरचे छिद्र निवडणे हिताचे. छिद्र मात्र तारेच्या जाडीचेच हवे. ते सैल झाले, की या लाभावर पाणी पडते.

ढिलाईचे परिणाम

लांब, बारीक तार ओढताना ताठ राहते, पण ढकलताना वाकते. त्यामुळे तिला नळीतून न्यावे, नळीला जागोजागी आधार द्यावा किंवा कार्बनची काडी वापरावी. मोठ्या विमानाच्या रडरसाठी दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या दोन केबल वापरतात. जोडणी सैल राहिल्यास वेगात पृष्ठभाग थरथरू लागतो. 'फ्लटर' म्हणून ओळखली जाणारी ही थरथर काही क्षणांत पृष्ठभाग उखडू शकते. क्लेव्हिस उघडू नये म्हणून त्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवतात.

उड्डाणापूर्वी

विजेवरील विमानाचा पंखा काढून मगच तपासणी करावी. विमानामागे उभे राहून एलेरॉनची काडी उजवीकडे नेल्यास उजवा एलेरॉन वर व डावा खाली जायला हवा. एलेव्हेटरची काडी मागे ओढल्यास एलेव्हेटर वर उचलला जावा. रडरची काडी उजवीकडे नेल्यास रडरही उजवीकडेच वळावा. काडी टोकाला नेल्यावर सर्व्हो घुरघुरत राहिला, तर जोडणी कोठेतरी अडते आहे असे समजावे. अशा वेळी बॅटरीही विनाकारण खर्ची पडते. शेवटी प्रत्येक पृष्ठभाग बोटांनी हलकेच हलवून पाहावा. जमिनीवर जाणवलेली ढिलाई तिथेच दूर करता येते. आकाशात तशी संधी मिळत नाही.