तिऱ्हाईताचा विमा : नव्या दुचाकीच्या संरक्षणाचा इतिहास

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडईची वास्तू १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना ज्यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला, त्या महात्मा फुल्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. पायी येणारा ग्राहक, डोक्यावरून ओझे वाहणारा हमाल आणि बैलगाडी यांच्या मापाने वसलेल्या या परिसरात पुढे सायकली आल्या व त्यांच्या मागोमाग स्कूटरी आणि मोटारसायकली. एकेकाळी जेथे आर्यन चित्रगृह होते, तेथे वाहनतळ झाला. मंडईत येणारा माणूस वाहनाचा मालक असो वा नसो, तो वाहनाच्या वाटेत असतोच. आणि सक्तीच्या मोटारविम्याचा विचार त्याच्यापासूनच सुरू करावा लागतो.

या माणसाला कायद्याच्या भाषेत 'तृतीय पक्ष' म्हणतात. हा शब्द इंग्रजीवरून बेतलेला असून, मराठीत त्याच अर्थाचा 'तिऱ्हाईत' हा शब्द आधीपासून नांदत होता. मात्र दोहोंत एक अंतर आहे. वादी-प्रतिवादींच्या तंट्यात तिऱ्हाईत म्हणजे ज्याचा त्यात काही हितसंबंध नाही असा मनुष्य. मोटारविम्यातील तिऱ्हाईत मात्र ज्याचे हाडच मोडले आहे असा! करार दोघांचा, हानी तिसऱ्याची, हा या व्यवहाराचा विशेष होय. 'विमा' या शब्दाच्या मुळाशी फारसी 'बीम', म्हणजे भय, आहे. आणि माल सुखरूप पोहोचला तरच देय होणाऱ्या जोखमी हुंडीच्या रूपाने भयाचा व्यापार आपल्याकडे जुनाच होता. परंतु तो व्यापाऱ्याच्या स्वतःच्या मालापुरता होता. रस्त्यावरील अनोळखी माणसासाठी विमा उतरविण्याची सक्ती ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे.

इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने ही सक्ती केली. हिंदुस्थानात १९३९ च्या मोटारवाहन कायद्यात तिचे प्रकरण आले, तथापि ते प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. म्हणजे विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणे हाच अपराध ठरला, आणि दुकानातून बाहेर काढलेली नवी दुचाकी पहिल्या फर्लांगापासून या नियमाखाली आली. अडचणींचे मूळही येथेच आहे. खरेदी, नोंदणी आणि विमा ही तीन कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. व्यवहारात ती मागेपुढे होतात.

विम्याचे संरक्षण नेमके कोणत्या घटकेपासून सुरू होते, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. विमा कायद्यात १९६८ मध्ये घातलेल्या कलमाने, हप्ता आगाऊ हाती आल्याविना विमाकंपनीने जोखीम पत्करू नये असा दंडक घातला. (सबंध वर्षाची रक्कम एकदम भरली तरी तिला आपण 'हप्ता'च म्हणतो, हे फारसी 'हफ्त' म्हणजे सात या शब्दाचे नशीब.) पण पैसे दुपारी भरले, तर सकाळच्या अपघाताचे काय? १९९० मध्ये रामदयाळ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, केवळ तारीख लिहिली असेल तर त्या दिवसाच्या आरंभापासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून, विमा लागू होतो. हा निर्णय उदार होता. लबाडीला वाट देणाराही होता. अपघातानंतर धावत जाऊन विमा उतरविण्यास त्याने जणू मुभाच दिली असती. यानंतरच्या सुनीता राठी प्रकरणात अपघात १० डिसेंबर १९९१ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी घडला होता आणि विमा २ वाजून ५५ मिनिटांनी उतरविला होता. न्यायालयाने कंपनीस दायित्वातून मुक्त केले. विमापत्रावर तास आणि मिनिटे लिहिलेली असणे किती निर्णायक ठरते, ते या पस्तीस मिनिटांवरून दिसते. कागद न वाचता खिशात घालणाऱ्या ग्राहकाला त्याची कल्पना क्वचितच असते.

नव्याने घेतलेली परंतु वापरलेली दुचाकी ही आणखी वेगळी गोष्ट. १९८८ च्या कायद्यानुसार विक्रीबरोबर तिऱ्हाईताचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते; स्वतःच्या वाहनाच्या हानीचे मात्र येत नाही. ते करारावर अवलंबून असते, असे न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपूनही वाहन वापरात ठेवणाऱ्यांचे दावे २०१४ व २०२१ मध्ये याच न्यायालयाने नाकारले. दुसऱ्या प्रकरणात तर वाहन चोरीस गेले होते. मागे बसणारा सोबतीही केवळ सक्तीच्या विम्यात येत नाही, हे २००६ मध्ये एका स्कूटरीच्या खटल्यात ठरले. मित्राला मागे बसवून भाजी आणावयास निघणाऱ्याला हे ठाऊक असावयास हवे.

अनेक मालक पहिल्या वर्षानंतर विम्याचे नूतनीकरणच करीत नसत. या अनास्थेवर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तिऱ्हाईत-विमा पाच वर्षांचा एकदम घेणे बंधनकारक झाले. खरेदीच्या दिवशीच पाच वर्षांचा भार पडू लागला, हे खरे; पण जखमी पादचाऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी होती. वाहनाच्या स्वतःच्या हानीसह दिला जाणारा दीर्घ मुदतीचा एकत्र विमा १ ऑगस्ट २०२० पासून मागे घेण्यात आला, आणि नव्या मालकाच्या विमापत्रावर त्यानंतर दोन मुदती दिसू लागल्या : तिऱ्हाईतासाठी पाच वर्षांची, स्वतःच्या गाडीसाठी एका वर्षाची.