वाटेवरचे बोलके दगड

आजच्या भाषणाचा विषय थोडा गमतीचा आहे. परंतु गमतीच्या वाटेनेंच इतिहासाच्या घरांत लवकर शिरतां येतें, असा शाळामास्तरकींत उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्याचा अनुभव आहे. पाश्चात्य देशांत ‘जिओकॅशिंग’ नांवाचा एक छंद रूढ झाला आहे. अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजीं काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशीं ओरेगॉन प्रांतांतील एका गृहस्थानें रानांत एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. लोकांनीं यंत्राच्या साह्यानें तो हुडकावा, आंतील वहींत आपलें नांव लिहावें आणि डबा होता तेथेंच ठेवावा, इतकाच हा खेळ. आज तो जगभर चालतो. या हौशी मंडळींना डबा सांपडो वा न सांपडो, वाटेंत चमत्कारिक पाट्या मात्र हटकून भेटतात. आणि त्या टिपून ठेवणें हा त्या छंदांतला दुसरा छंद होऊन बसला आहे.

आमच्या मावळांत असा डबा कोणीं लपविण्याची गरजच नाहीं. सोमाटणें फाट्याभोंवतींच्या आठ-दहा कोसांच्या टापूंत दोन हजार वर्षांच्या पाट्या उघड्यावर पडलेल्या आहेत. त्या वाचूं लागलें म्हणजे दिसतें कीं, पाटी लिहिणाऱ्या माणसाचे हेतु मोजून तीनच: आपली बढाई सांगणें, आपलें नांव राखणें आणि दुसऱ्याला दरडावणें.

बढाईचा मान कार्ल्याच्या लेण्याकडे जातो. तेथील चैत्यगृहांत वैजयंती, म्हणजे कर्नाटकांतील बनवासी, येथील भूतपाल शेटीचा ब्राह्मी लेख आहे. हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें त्यानें निःसंकोच कोरून ठेवलें. लोणावळ्याच्या बाजारांत प्रत्येक चिक्कीवाल्याच्या पाटीवर आपलाच माल अस्सल असल्याचा पुकारा वाचून पाहुणे हंसतात. त्यांनीं भूतपालाचें स्मरण करावें. फरक एवढाच कीं, भूतपालाचा दावा आज दोन हजार वर्षांनींहि खोडून काढणें कठीण आहे! त्याच लेण्याच्या खांबांवर धेनुकाकट गांवच्या यवनांचीं नांवें आहेत, आणि दाराचें काम करणाऱ्या सामी नांवाच्या सुताराचेंहि आहे. शेटीबरोबर सुताराचेंहि नांव कोरलें गेलें, ही गोष्ट आजच्या कोनशिला बसविणारांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

परंतु माझ्या मनांत सर्वांत अधिक आदर आहे तो सोमाटण्याहून पुण्याकडे जातांना लागणाऱ्या शेलारवाडीच्या, म्हणजे घोरवडेश्वराच्या, डोंगरांतील एका लेखाबद्दल. धेनुकाकटाचा रहिवासी उसभणक हा ‘हालकिय’, म्हणजे नांगर धरणारा कुणबी. त्याची बायको सियागुतनिका हिनें आपला मुलगा नंद याच्यासह हें लेणें दान दिलें, असें तो लेख सांगतो. राजा नाहीं, सरदार नाहीं. एका शेतकऱ्याची बायको! तिच्या काळच्या किती राजांचीं नांवें आज आपणांस ठाऊक नाहींत. पण तिचें नांव मात्र डोंगरानें जपून ठेवलें आहे.

हुडकण्याच्या खेळाचें खरें उदाहरणहि याच तालुक्यांत घडलें. कामशेतजवळील पालें येथील लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनीं त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. अरहंतांना नमस्कार करून इंद्ररक्षित नांवाच्या माणसानें लेणें व पोढी, म्हणजे पाण्याचें टाकें, खोदविल्याचें त्यांत सांगितलें आहे. पुढें २०१९ सालीं डोंगर भटकणाऱ्या कांहीं हौशी मंडळींना लोहगडवाडीच्या बाजूस कड्यांतील एका लेण्यांत तसाच दुसरा लेख आढळला, आणि त्यांतहि तेंच नांव निघालें. ज्या डोंगरावर दर पावसाळ्यांत हजारोंची गर्दी लोटते, तेथें हा लेख विद्वानांच्या नजरेआड राहिला होता. तो दिसला कारण कोणी तरी थांबून पाहिलें.

आतां दरडावण्याकडे वळूं. कोंकणांत व घाटावर कित्येक गांवांच्या शिवेवर ‘गद्धेगाळ’ नांवाचे दगड आढळतात. वर चंद्र-सूर्य, मध्यें दानाचा लेख आणि खालीं गाढवाचें चित्र. चंद्र-सूर्य असेपर्यंत हें दान चालावें, आणि जो मोडील त्याला ही शिवी लागो, असा त्याचा भावार्थ. अलिबागजवळ आक्षी येथें असा शापाचा लेख आहे. त्याचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. त्यामुळें मराठींतील अगदीं आरंभींच्या लेखांत त्याची गणना होते. आमच्या भाषेच्या बाळपणींच्या बोलांत शिवी असावी, याचें हंसूं येतें. तथापि एक गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. दान मोडणार पुरुष आणि चित्रांत विटंबना त्याच्या आईची, हा कोठला न्याय? अपराध एकाचा आणि अब्रू घरच्या बाईची, ही खोड त्या दगडाबरोबर पुरली गेली असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

गाढव मात्र अजून नोकरींत आहे. शहरांतील भिंतींवर, आडोशाला उभ्या राहणाऱ्या माणसाला उद्देशून, ‘गाढव येथें उभें आहे’ अशा अर्थाचीं वाक्यें व चित्रें आपण पाहिलींच असतील. सरकारी पाटीहि त्याच कुळांतली. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यानें तीन महिने कैद किंवा पांच हजार रुपये दंड सांगितला होता. २०१० च्या दुरुस्तीनें तो दोन वर्षें व एक लाखापर्यंत नेला. चंद्र-सूर्यांच्या जागीं सिंहमुद्रा आली आणि शापाच्या जागीं कलम आलें, इतकेंच.

पुढें रस्ता आला आणि पाट्यांची भाषा पालटली. १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. रस्त्याच्या कडेला मैलांचे दगड उभे राहिले. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, मैल गेले आणि किलोमीटर आले. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय मार्गाचा व हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा, ही खूण मुलेंहि ओळखूं लागलीं. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरें तर इतकीं बोकाळलीं कीं, २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. आणि दुपारीं एक ते चार झोपेची ग्वाही देणाऱ्या पुणेरी पाटीबद्दल मी कांहीं बोलावें, असें श्रोत्यांना वाटत असेल. परंतु पुण्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यानें तें धाडस करूं नये!

श्रोतेहो, हंसणें येथें संपतें. रस्ता रुंद होतांना जुना दगड प्रथम पायाभरणींत जातो. लेख कोरलेल्या शिळेवर भाविकपणें शेंदूर थापला जातो आणि अक्षरें बुजतात. गद्धेगाळ अभद्र म्हणून कोणी तो ओढ्यांत टाकतो. आणि लेण्यांत तर सियागुतनिकेनंतर दोन हजार वर्षांनीं जन्मलेला तरुण आपलें व आपल्या प्रेयसीचें नांव खिळ्यानें ओरखडून जातो. नांव राखण्याची इच्छा दोघांचीहि एकच; पण तिनें दुसऱ्यांना निवारा देऊन नांव मागितलें, आणि हा दुसऱ्याचा निवारा खरवडून मागतो.

म्हणून विनंति एवढीच. आपल्या गांवच्या शिवेवर, पारावर, विहिरीच्या कांठावर अक्षरांचा किंवा चित्राचा दगड असेल, तर त्याला तेल, रंग, खडू लावूं नये. तो हलवूं नये. त्याचें छायाचित्र घ्यावें, जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. शिक्षकांनीं वर्षांतून एकदां मुलांना गांवच्या शिवेवरून फिरवून आणावें. इतिहासाच्या पुस्तकांत कुणब्याच्या बायकोला ओळभर जागा मिळणें कठीण असतें; डोंगरानें ती दिली आहे. ती पुसली जाऊं न देणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.