कोयत्याचे वर्ष आणि कचेरीचे वर्ष

बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. भुयारी कालव्याने तिचे पाणी शेतीला जाते. सरकारी खजिना या विहिरीत ओतला गेला म्हणून तिचे नाव खजाना पडले, असे लोक सांगतात. ही गोष्ट खरी किती, हा वाद आम्ही पंडितांवर सोडतो. आम्हांस तिचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटते. सार्वजनिक पैसा कोठे गेला हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातील माणसाने विचारला, आणि त्याचे उत्तर त्याला पाण्यात दिसले. त्या खर्चावर कोणा लेखापरीक्षकाने शेरा मारल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्या काळात उत्तर इतके सोपे राहिले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय जिल्ह्याच्या कारभारावर आणि जमाखर्चावर लोकप्रतिनिधींची देखरेख हा आहे. विषय रूक्ष आहे हे आम्ही मान्य करतो. श्रोत्यांपैकी पुष्कळजण शिवकालावर काही ऐकायला मिळेल या आशेने आले असतील. त्यांची क्षमा मागून पुढे जातो.

आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंत झाले. त्यानंतरचे मोर्चात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. हिशेबाची ओळख मात्र त्याहूनही आधीची. 1972 च्या दुष्काळात आमची आई खडी फोडण्याच्या कामावर होती आणि आम्ही तिच्या कडेवर. तिला अक्षर येत नव्हते. कामाच्या प्रत्येक दिवसाला ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. पगाराच्या दिवशी रेघा मोजून ती कामावर जाई, आणि हजेरीपटावरचे दिवस रेघांहून कमी निघाले की कारकुनाशी भांडे. हे आम्ही पुढे वडीलधाऱ्यांकडून ऐकले. जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पाचे जाड पुस्तक प्रथम हातात आले तेव्हा ती भिंत आम्हांस आठवली, ती उगीच नव्हे.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तेथे जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक कर म्हणून घेत. रस्ते, शाळा, दवाखाने अशा कामांसाठी तो होता, आणि त्याच्या खर्चासाठी जिल्हा मंडळेही स्थापन झालेली होती. नाव मंडळाचे, सत्ता तालुकदाराची. येथे तालुकदार म्हणजे जिल्हाधिकारी, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. वसूल करणारा तोच, खर्च करणारा तोच आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवरही तोच. दप्तर उर्दूत. कर भरणारा कुणबी मराठी बोलणारा, आणि बहुधा निरक्षर. शेजारच्या नगर जिल्ह्यात इंग्रजी अंमल होता. तेथे लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 चा लोकल बोर्डाचा कायदा झाला, आणि तुटपुंजे का होईना, निवडून आलेले सभासद बोर्डात बसू लागले. तेथेही गरिबाला मत नव्हते. तरी सरकारी अधिकाऱ्याला भर सभेत प्रश्न विचारण्याची सवय काही माणसांना तेथे लागली. आमच्याकडे ती सवय लागायला आणखी तीन पिढ्या जाव्या लागल्या. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला सरहद्दीपलीकडे हे दिसत असे, आणि अलीकडे काय चालले आहे तेही.

निजामाच्या हिशेबाची एक गोष्ट मात्र आम्हांस राहून राहून विचारात पाडते. त्याचे वर्ष फसली होते आणि ते ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसल म्हणजे पीक. पीक हाती येण्याच्या वेळी वर्ष बदले. पुढे एप्रिल ते मार्च हे इंग्रजी वर्ष आले, आणि तेच आजवर चालू आहे. या फरकाकडे पुन्हा येऊ.

1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. त्याच्या आधी, 1957 मध्ये, बलवंतराय मेहता समितीने देशभर त्रिस्तरीय पंचायत राज्य असावे अशी शिफारस केली होती. मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने तसे केले नाही. महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली 1960 मध्ये समिती नेमली गेली आणि 1961 च्या मार्चमध्ये तिने 226 शिफारशींचा अहवाल दिला. तिने खरी सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर ठेवली. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवले. या दोन गोष्टी आज ऐकायला साध्या वाटतात. ज्या जिल्ह्यात तालुकदार हाच सर्वस्व होता, तेथील माणसाला विचारा, केवढी उलथापालथ होती ती! यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1 मे 1962 रोजी, जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

कायद्याने देखरेखीची यंत्रणा बारकाईने घडविली होती. तिचा थोडा तपशील देणे भाग आहे, कारण पुष्कळ सभासदांनाही ती पुरती ठाऊक नसते असा आमचा अनुभव आहे. मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचा, पण त्याने काम परिषदेच्या ठरावाप्रमाणे करायचे. स्थायी समिती, अर्थ समिती, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा समित्या, आणि त्यांच्या सभापतिपदी निवडून आलेली माणसे. जमाखर्चाचा अंदाज मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याने तयार करायचा, अर्थ समितीने तपासायचा आणि मार्च संपण्यापूर्वी परिषदेच्या सभेने मंजूर करायचा. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे. सभासदाला प्रश्न विचारण्याचा हक्क. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने वर्षभर काम कसे केले याविषयी अध्यक्षाने आपले मत वर कळवायचे. हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्याने करायची. त्याचा कायदा 1930 पासूनचा आहे. आणि लेखापरीक्षेत निघालेल्या आक्षेपांवर विधिमंडळाच्या पंचायत राज समितीने जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांची साक्ष घ्यायची. समिती येणार म्हटले की कचेरीच्या भिंतींना रंग लागतो आणि दहा-दहा वर्षे न सापडलेली कागदपत्रे रातोरात सापडतात. एवढ्यासाठी तरी ती समिती वरचेवर यावी असे आमचे मत आहे.

एवढी यंत्रणा असून ढिलेपणा कोठून आला? लोक झटकन भ्रष्टाचाराचे नाव घेतात. तो आहेच. पण आमच्या मते मूळ दुखणे पैशाच्या वाटेत आहे. जिल्हा परिषदेला स्वतःचे उत्पन्न फार थोडे. जमीनमहसुलाच्या रुपयामागे 20 पैसे उपकर ही कायद्यातील मूळ तरतूद. पण बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात महसूलच मुळी किरकोळ. बाकी सारे सरकारी अनुदान, आणि ते कशावर खर्चायचे हे आधीच ठरलेले. शिक्षकांचे पगार, आरोग्य केंद्रांचे पगार, अमुक योजना, तमुक शीर्षक. जो पैसा आपल्याला ठरविता येत नाही त्यावर सभासद मन लावून देखरेख करीत नाही. तो फक्त आपल्या गटाचा रस्ता यादीत आहे की नाही ते पाहतो. यात सभासदाचाच सारा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही.

त्यात पुढे पैशाच्या नव्या वाटा परिषदेला वळसा घालून निघाल्या. 1970 नंतर जिल्ह्याच्या योजना आखण्याचे काम जिल्हा नियोजन व विकास मंडळाकडे गेले. तेथे मुख्य जागा मंत्र्याची. 1980 मध्ये ग्रामीण विकासाचा पैसा वेगळ्या यंत्रणेकडे आला. 1971 मध्ये बोंगिरवार समितीने आणि 1986 मध्ये प्राचार्य पी. बी. पाटील समितीने परिषदांच्या कारभाराची तपासणी करून सुधारणा सुचविल्या, पण सरकारने त्यांतले सोयीचे तेवढे उचलले. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. निवडणुका वेळेवर घेण्याचे बंधन आले, स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, आणि 2011 मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. तरीही 2022 च्या मार्चमध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हा निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. राज्यातील बहुतेक परिषदांप्रमाणे येथेही कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या, असा आदेश न्यायालयाने 6 मे 2025 रोजी दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. या काळात अंदाज मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा यांत फरक उरला नाही. तालुकदाराच्या खुर्चीविषयी आम्ही वर जे बोललो ते श्रोत्यांना आठवत असेल.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे. आम्ही ज्यांची संघटना करतो ते ऊसतोड कामगार. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन गाड्या भरतात, आणि धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, केज या भागांतली गावेच्या गावे रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखाने चालतात तोवर ही माणसे तिकडे असतात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो.

आता कचेरीचे वर्ष पाहा. गावाचा विकास आराखडा तयार करण्याची मोहीम अलीकडे 2 ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपते. 26 जानेवारीची ग्रामसभा याच काळात. पंचायत समितीचा अंदाज, अर्थ समितीच्या बैठका, परिषदेची अंदाजपत्रकाची सभा, सारे मार्चपूर्वी. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना आखल्या जातात ते गावाबाहेर असतानाच त्या आखल्या जातात, मंजूर होतात आणि बराचसा पैसाही खर्ची पडतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने हिशेब आणि लेखापरीक्षेचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवण्याचे बंधन घातले आहे. पण ग्रामसभेला निम्मे गाव कोपरगावला किंवा कराडला असेल तर तो कोणापुढे ठेवायचा? निजामाच्या काळी वर्ष शेतकऱ्याच्या सोयीचे होते आणि विचारण्याचा हक्क नव्हता. आज हक्क आहे, तर माणूस फडावर आहे.

याचे फळ आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले. फडावर जाणाऱ्यांची मुले गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने सहा महिने मुलांना जेवू घालायचे. एका तालुक्यात आम्ही चौकशी केली, नाव घेत नाही. टोळ्या दिवाळीनंतर गेल्या, आणि वसतिगृहाची मंजुरी आली डिसेंबर सरता सरता. तोवर आजी नसलेली मुले आईबापांबरोबर गेलेली होती. मुख्याध्यापकाने किराणा दुकानातून उधारीवर तांदूळ आणून काही मुले थांबविली. त्याची रक्कम त्याला पुढच्या उन्हाळ्यात मिळाली. वर्षअखेरीस त्या शीर्षकाखाली पैसे शिल्लक राहिले. शिल्लक का राहिली, असे सभेत विचारले गेले तेव्हा उत्तर मिळाले की लाभार्थी उपलब्ध नव्हते. उत्तर कागदावर बिनचूक होते. सभासदांनी ते मान्य केले, कारण त्यांच्यापैकी कोणी दसऱ्याला त्या गावाच्या वेशीवर उभे राहिलेले नव्हते.

कृपा करून असे समजू नका की आम्ही पंचायत राज्याला नावे ठेवीत आहोत. 1967 मध्ये या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले. साताऱ्याच्या प्रतिसरकारात गावचा न्याय आणि कारभार गावाने पाहावा हे ज्यांनी करून दाखविले, त्यांना मत देणारा हा जिल्हा आहे. आमची मागणी लहान आहे. अंदाजपत्रकाच्या तयारीची एक ग्रामसभा टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपदात घ्यावी. वसतिगृहाची मंजुरी त्याच वेळी द्यावी. आणि खर्चाचा हिशेब मे महिन्यात, माणसे परतल्यावर वाचावा. आर्थिक वर्ष बदलण्याचे कारण नाही. ते दिल्लीचे काम आहे. सभांच्या तारखा बदलणे हे जिल्ह्याचे काम आहे.

मागणी मान्य होईपर्यंत आम्ही स्वस्थ बसलो नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून देशभर आहे. एका ग्रामपंचायतीचा वर्षाचा जमाखर्च आम्ही अर्ज करून मिळविला आणि ऐन हंगामात टोळीच्या मुक्कामी गेलो. रात्री आठाच्या पुढे, भाकरी झाल्यावर, कोप्यांच्या मध्ये बसून बॅटरीच्या उजेडात तो वाचला. पहिली दोन पाने लोक जांभया देत होते. नळयोजनेच्या दुरुस्तीची रक्कम आली तेव्हा मागे बसलेली एक बाई उठून पुढे आली. नळ कोणत्या गल्लीचा, असे तिने विचारले. कागदावर गल्ली लिहिलेली होती. ती तिचीच होती. ती म्हणाली, तेवढी ओळ पुन्हा वाचा. आम्ही वाचली. मग शेजारच्या कोपीतले दोघे झोपलेले उठवून आणले गेले, आणि त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा वाचावी लागली.