जुन्या मनगटी घड्याळाचे मूळ यंत्र कसे जपावे?

लोणावळा, खंडाळा आणि मावळातील अनेक जुन्या घरांत कपाटाच्या खणात एखादे चावीचे मनगटी घड्याळ पडून असते. कधी ते नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले असते, तर कधी लग्नात सासऱ्यांनी दिलेले. असे बंद घड्याळ पुन्हा चालू करायचे तर दोन मार्ग असतात. पहिला, जुने यंत्र काढून त्या जागी स्वस्त क्वार्ट्झ यंत्र बसवणे. दुसरा, मूळ यंत्रच दुरुस्त करणे. पहिला मार्ग सोपा आहे. मात्र त्यानंतर हाती उरते ते केवळ घड्याळाचे कवच.

कोणती घड्याळे आढळतात?

महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन नावांची जुनी घड्याळे दिसतात. १७३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'फेवर ल्यूबा'ने १८६५ मध्ये मुंबईच्या बाजारपेठेत पाऊल ठेवले. 'वेस्ट एंड वॉच कंपनी'ची घड्याळे सैनिकांमध्ये लोकप्रिय होती. 'एचएमटी'ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत उत्पादन सुरू केले. तिचे 'जनता' हे सतरा माणकांचे, रोज चावी द्यावे लागणारे घड्याळ मध्यमवर्गीयांच्या मनगटावर दीर्घकाळ राहिले. ऐंशीच्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावीची घड्याळे मागे पडली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे सुट्या भागांसाठी आता जुना साठा किंवा दुसरे बंद घड्याळ यांवरच विसंबावे लागते.

ओलावा हा मुख्य शत्रू

सुमारे सहाशे मीटर उंचीवरील लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात येथील हवा कित्येक आठवडे दमट राहते. जुन्या घड्याळातील रबरी कडी कडक झालेली असते. ओलावा बहुधा चावीच्या दांड्यावाटे आत शिरतो. दांडा आणि चावी देण्याच्या यंत्रणेतील पोलादी भाग प्रथम गंजतात. त्यामुळे वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला 'चालते का पाहू' म्हणून चावी देणे धोक्याचे ठरते. वाळलेले तेल आणि गंजाचे कण अशा वेळी चाकांच्या बारीक खुंट्या झिजवतात.

दुरुस्तीची पद्धत

जाणकार घड्याळजी प्रथम मेनस्प्रिंगमधील ताण सावकाश उतरवतो. त्यानंतर बॅलन्स व्हील, पॅलेट फोर्क, चाके आणि मेनस्प्रिंगची डबी क्रमाने सुटी केली जातात. सर्व भाग द्रावणात धुऊन वाळवले जातात. भिंगाखाली खुंट्या, दाते आणि माणके तपासली जातात. थकलेली मेनस्प्रिंग बदलणे योग्यच असते. ती झिजणारी वस्तू असल्याने तिच्या बदलाने यंत्राच्या अस्सलपणाला बाध येत नाही.

जोडणी करताना तेलाची निवड महत्त्वाची ठरते. बॅलन्सच्या खुंट्यांना पातळ तेल लागते, तर चावीच्या भागांना घट्ट ग्रीस. पॅलेट फोर्कच्या खुंट्यांना सहसा तेल देत नाहीत. शेवटी टाइमग्राफर या उपकरणावर गती तपासतात. 'जनता'सारख्या घड्याळाचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच पडतात. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागले, तर हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरल्याची शक्यता असते. ते काही क्षणांत काढता येते.

डायलला हात लावण्यापूर्वी

खरे नुकसान बहुतेकदा डायलवर होते. डाग पडलेली डायल नव्याने रंगवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु मूळ छपाई एकदा खरवडली की परत मिळत नाही. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून, भडक रंगाची नवी डायल लावून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना परदेशातील संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ते नाव कौतुकाचे नव्हे. केस वारंवार पॉलिश केल्यानेही कडा बोथट होतात आणि मागील अक्षरे पुसट होतात.

साधारण १९६० पूर्वीच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियमचा लेप असू शकतो. चमक विझली तरी त्याची किरणोत्सारिता टिकते, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. अशी डायल घरी खरवडू नये किंवा घासू नये.

दुरुस्तीस देताना

घड्याळ देण्यापूर्वी डायल, केसची मागची बाजू आणि शक्य असल्यास यंत्राचे छायाचित्र काढावे. बहुतेक स्विस यंत्रांवर बॅलन्स व्हीलजवळ यंत्राचा क्रमांक कोरलेला असतो. तो टिपून ठेवावा. कोणते भाग बदलणार हे आधी विचारावे आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. डायल रंगवायची नाही, हे पावतीवरच लिहून घ्यावे.

दुरुस्तीनंतर रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि प्रतिकार जाणवताच थांबावे. मागच्या झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरी पावसात हे घड्याळ घालू नये. पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा साफसफाई व तेलपाणी करून घ्यावे.