मोटारीच्या अंगावरील शिलालेख

ताम्रपट अस्सल कीं बनावट हें एका अक्षरावरून ठरवीत नाहींत. जुन्या मोटारींचेंही तसेंच आहे. जॅग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ ही स्पोर्ट्स मोटार १९६१ सालीं जिनीव्हास प्रथम लोकांपुढें आली. तिचा मुख्य क्रमांक पुढील चौकटीवर, उजव्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वर, ठोकलेला असतो. पण ही चौकट बोल्टांनीं जोडलेली! अपघातांत वांकून ती बदलली कीं मूळ ठसा भंगारांत जातो. म्हणून एंजिन पाहावें. त्याचा क्रमांक ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या पुढील अंगास, असा दोनदां कोरलेला असतो. शेवटचा ८ किंवा ९ हा आंकडा दाबाचें प्रमाण सांगतो. दोन्ही क्रमांक जुळले नाहींत तर हेड परकें समजावें. गिअरबॉक्सचा व बॉडीचा क्रमांक निराळा. हे चारही कारखान्याच्या नोंदवहीशीं जुळले, तरच गाडी जशी निघाली तशीच आहे असें म्हणतां येतें.